देहाचे संचित कोण मोजणार?

माजिवड्याच्या नाक्याला जुने ठाणेकर आजही 'गोल्डन डाइज' म्हणतात. डाइज म्हणजे रंगद्रव्ये; नाव एका रंग-कारखान्याचे. रिक्षावाल्याला ते नाव सांगणाऱ्या अनेकांना त्याचा उगम ठाऊक नसतो आणि ठाऊक असण्याचे कारणही आता उरलेले नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांच्या या संगमावर आज उड्डाणपूल आहेत, मेट्रोचे खांब आहेत, मॉल आणि उत्तुंग इमारती आहेत. जवळच कोलशेत येथे आधी सॅन्डोझ आणि पुढे क्लॅरिअंट या नावाने चाललेला रसायन उद्योग होता. त्याची जमीन २०१३ साली लोढा समूहाने विकत घेतली आणि तेथे निवासी संकुल उभे राहिले. गेल्या तीस वर्षांत ठाण्याच्या या पट्ट्याने कारखान्यांचा परिसर ही ओळख टाकली आणि मध्यमवर्गीयांच्या स्वप्नातील उपनगराची ओळख स्वीकारली. औद्योगिक शहरांच्या इतिहासात असे स्थित्यंतर नवे नाही.

तथापि शहर ज्या सहजतेने कात टाकते, त्या सहजतेने माणसाचा देह ती टाकत नाही. या परिसरात पन्नास वर्षे राहिलेल्या माणसाने श्वासातून, पाण्यातून, अन्नातून आणि कामाच्या जागेवरून काय काय आत घेतले, याचा हिशेब कोणाकडे आहे? उत्तर स्पष्ट आहे : कोणाकडेही नाही. महापालिकेकडे नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नाही, रुग्णालयांकडे नाही आणि त्या माणसाकडे तर नाहीच. ही उणीव तांत्रिक वाटते. परंतु आपल्या शहरांतील आजारांची कारणे शोधण्याचा, त्यांची जबाबदारी ठरवण्याचा आणि पुढच्या पिढीला त्यांतून वाचवण्याचा प्रश्न नेमका या उणिवेपाशी येऊन अडतो.

जागतिक वैद्यकविश्वात या हिशेबाला गेल्या दोन दशकांत एक नाव मिळाले आहे : 'एक्स्पोझोम'. ब्रिटिश रोगपरिस्थितिवैज्ञानिक ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी २००५ साली हा शब्द रूढ केला. हेच वाइल्ड पुढे ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे संचालक झाले. २००५ हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. मानवी जनुकसंचाचा आराखडा पूर्ण झाल्याची घोषणा २००३ साली झाली होती आणि आता प्रत्येक रोगाचे मूळ जनुकांत सापडेल, अशा आशेचे ते दिवस होते. वाइल्ड यांचे म्हणणे असे होते की, जनुके मोजण्याची साधने आपण कमालीची अचूक केली. परंतु गर्भावस्थेपासून मृत्यूपर्यंत माणूस ज्या ज्या गोष्टींच्या संपर्कात येतो, त्या मोजण्याची साधने मात्र ढोबळच राहिली. तराजूचे एक पारडे सोन्याचे आणि दुसरे फाटक्या गोणपाटाचे असेल तर वजन खरे कसे यावे?

ही टीका निराधार नव्हती. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांतील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. बहुसंख्य प्रकारच्या कर्करोगांत आनुवंशिकतेचा वाटा तुलनेने लहान असून परिस्थितीचा वाटा मोठा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. असे असूनही पैसा, प्रतिष्ठा आणि यंत्रणा यांचा ओघ जनुकांकडेच राहिला. आपल्याकडेही २०२० साली सुरू झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन करण्यात आले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्या दहा हजारांपैकी कोण चुलीच्या धुरात वाढला आणि कोणाचे बालपण कारखान्याच्या कुंपणाशेजारी गेले, हे जनुकांत लिहिलेले नसते.

वाइल्ड यांनी पुढे या संकल्पनेचे तीन थर मांडले. पहिला थर व्यापक परिस्थितीचा : शहर की खेडे, हवामान, उत्पन्न, शिक्षण, सामाजिक स्थान. दुसरा थर विशिष्ट संपर्कांचा : प्रदूषित हवा, रसायने, आहार, तंबाखू, व्यवसाय. तिसरा थर देहाच्या आतला : चयापचय, संप्रेरके, दाह, आतड्यांतील जिवाणू. या तिन्ही थरांतील घटक एकमेकांवर परिणाम करतात आणि वयानुसार बदलत जातात. आपल्या परंपरेत 'संचित' हा शब्द आहे. पूर्वकर्माचा साठा, जो दिसत नाही पण योग्य वेळी फळ देतो, असा त्याचा अर्थ. एक्स्पोझोम म्हणजे देहाचे संचित होय, असे म्हटल्यास मराठी वाचकाला त्याचा आशय चटकन कळेल. फरक इतकाच की, हे संचित बहुतांशी आपल्या कर्माचे नसते. ते शहराच्या, मालकाच्या, शासनाच्या आणि शेजाऱ्याच्या कर्माचे असते. फळ मात्र आपल्याला भोगावे लागते.

एक उदाहरण कल्पनेनेच उभे करू. माजिवड्याला १९७५ साली जन्मलेली एक मुलगी. वडील रसायनांच्या कारखान्यात कामाला. त्यांचे कामाचे कपडे घरीच, बाकीच्या कपड्यांसोबत धुतले जात. स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर. शाळेची वाट महामार्गाच्या कडेने, आणि त्या काळातील पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले. शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले ते २००० च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिच्या पंचविशीत. लग्नानंतर ती डोंबिवली पूर्वेला औद्योगिक वसाहतीच्या अंगाला राहायला गेली. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, प्रवास लोकलचा. रात्री डासांसाठी कॉइल. (मलेशिया आणि चीन येथील कॉइलांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते.) पुढे कुटुंबाने घोडबंदर रस्त्यावर सदनिका घेतली, मग समोर इमारतींची आणि मेट्रोची बांधकामे, त्यांची धूळ. आता पन्नाशीत तिला गंभीर आजाराचे निदान झाले आहे. डॉक्टर विचारतात : तंबाखू? मद्य? घरात कोणाला हा आजार होता? तिन्हींचे उत्तर नकारार्थी येते आणि कागदावरील कारणाची जागा कोरी राहते.

या कोऱ्या जागेत काय लिहावे, हे कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित वडिलांच्या कपड्यांचा संबंध असेल, कदाचित काहीच नसेल. अशा एका रुग्णाबाबत कारण सिद्ध करणे बहुधा अशक्यच असते. परंतु अशा हजारो व्यक्तींच्या आयुष्याची नोंद असती, तर कोणत्या संपर्काने धोका किती वाढला, हे सांगता आले असते. एका झाडावरून जंगलाचा नकाशा निघत नाही. नकाशा काढायचा तर झाडे मोजावी लागतात.

मग आपण काहीच मोजत नाही काय? मोजतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० सालची. हवा प्रदूषण नियंत्रणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. राष्ट्रीय हवा गुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमाखाली ठाण्यात कोपरी, नौपाडा आणि कोलशेत येथे नमुने घेतले जात आले आहेत. अलीकडे अखंड मोजमाप करणारी स्वयंचलित केंद्रेही आली. महापालिका आयुक्तांनी दरवर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल सादर करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तो सादर होतो. परंतु या मोजणीच्या तीन मर्यादा आहेत आणि तिन्ही मुळाशी जाणाऱ्या आहेत.

पहिली मर्यादा काळाची. हाताने नमुने घेण्याच्या पद्धतीत आठवड्यातून दोनदा, वर्षाला सुमारे १०४ दिवस मोजणी करावी असा दंडक आहे. उरलेल्या अडीचशेहून अधिक दिवसांची हवा कशी होती, हे अनुमानाने ठरते. शिवाय फुप्फुसाच्या खोल भागात शिरणाऱ्या अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी देशात मानकच नव्हते. ते नोव्हेंबर २००९ मध्ये आले. वर्षाची सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे आपले मानक सांगते, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अवघ्या ५ मायक्रोग्रॅमची आहे. याचा अर्थ असा की, आज पन्नाशीत असलेल्या ठाणेकराच्या पहिल्या चौतीस वर्षांत त्याच्या आरोग्याला सर्वाधिक घातक अशा कणांना मानकाची मर्यादाच नव्हती.

दुसरी मर्यादा स्थळाची. केंद्र नौपाड्याच्या बाजारात असते आणि माणूस माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली. नाक्यावर आठ तास उभा राहणारा वाहतूक पोलीस, तेथे गाडी लावणारा विक्रेता आणि त्याच नाक्यावरून वातानुकूलित मोटारीतून जाणारा अधिकारी या तिघांचा पत्ता एकाच प्रभागात असू शकतो. नकाशावर तिघांची हवा एक. छातीत मात्र तीन वेगळ्या हवा. तिसरी मर्यादा सर्वांत मोठी : आपण जागा मोजतो, माणूस मोजत नाही. हवेचा आकडा हवेपाशीच राहतो आणि रुग्णाचा कागद रुग्णालयापाशी. दोहोंची गाठ कोठेच पडत नाही.

डोंबिवलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या अखेरीस देशातील औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, तेव्हा डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. सत्तरच्या पुढे म्हणजे 'अतिगंभीर'. त्या यादीतील ४३ पट्ट्यांत नव्या व विस्तारित प्रकल्पांना २०१० च्या जानेवारीत काही काळ स्थगितीही मिळाली. त्यानंतर २०१६ साली प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २०२० च्या फेब्रुवारीत तेथील एक रस्ता गुलाबी झाला आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पाहणीसाठी यावे लागले, २०२४ च्या मे महिन्यात अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. प्रत्येक प्रसंगी चौकशी झाली, कारखाने स्थलांतरित करण्याच्या घोषणा झाल्या. स्फोटात किती दगावले, किती काचा फुटल्या, हे मोजले गेले. परंतु स्फोट होत नाही अशा हजारो साध्या दिवसांत वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांच्या देहात काय साठत गेले, हा प्रश्न कोणत्याही चौकशीच्या कार्यकक्षेत नव्हता. वृत्तपत्रांनीही तो क्वचितच विचारला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गुलाबी रस्त्याचे छायाचित्र निघते. साध्या दिवसाचे निघत नाही.

गेलेल्या काळाची हवा पुन्हा मोजता येत नाही, हे खरे. परंतु देह स्वतःच काही प्रमाणात नोंदवही ठेवत असतो आणि विज्ञान ती वाचू लागले आहे. रक्तातील शिशाचे प्रमाण महिन्याभरात निम्म्यावर येते. मात्र हाडांत गेलेले शिसे दशकानुदशके राहते. गर्भारपणात किंवा रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज होते तेव्हा तेच शिसे पुन्हा रक्तात उतरते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर केसात दीड-दोन वर्षांचा मागोवा असतो. सर्वांत विलक्षण नोंद दुधाच्या दातांत असते. झाडाच्या खोडाप्रमाणे दातातही थरांवर थर चढतात आणि त्यांची सुरुवात आईच्या पोटात होते. न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतील मनीष अरोरा यांनी लेसरच्या साह्याने या थरांतून गर्भावस्थेतील आणि पहिल्या वर्षांतील धातूंचा संपर्क उलगडण्याची पद्धत विकसित केली आहे.

दातांचे हे साक्षीदारपण नवे नाही. अमेरिकेतील सेंट लुई शहरात १९५८ ते १९७० या काळात नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून मुलांचे सुमारे तीन लाख दुधाचे दात गोळा केले. अणुचाचण्यांतून उडालेले किरणोत्सारी स्ट्राँशियम त्यांत सापडले आणि १९६३ च्या अणुचाचणी-बंदी कराराच्या बाजूने लोकमत वळवण्यास त्या निष्कर्षांचा हातभार लागला. पुढे १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांच्या दातांतील शिसे मोजले आणि शिशाचे प्रमाण अधिक असलेल्या मुलांची बुद्धी व एकाग्रता उणी पडते, हे दाखवून दिले. शिसेयुक्त पेट्रोलविरुद्धच्या लढ्याला त्याने बळ मिळाले. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलावर किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची रीत आहे. हजारो बालकांच्या पहिल्या वर्षांची साक्ष अशी दरवर्षी निमूटपणे हरवते.

जपून ठेवलेल्या नमुन्यांचे मोल कॅलिफोर्नियातील एका अभ्यासाने सिद्ध केले. ओकलंड परिसरातील गर्भवतींचे रक्त १९५९ ते १९६७ या काळात गोळा करून गोठवून ठेवले गेले. त्यांच्या मुली पन्नाशीला आल्यानंतर, २०१५ साली निष्कर्ष आला : आईच्या रक्तात डीडीटीचे प्रमाण सर्वाधिक होते, अशांच्या मुलींना स्तनांच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ चौपट होता. रक्त गोळा करणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊकही नव्हता. त्यांनी केवळ जपणूक केली. प्रश्न पन्नास वर्षांनी आला आणि उत्तर शीतपेटीत तयार होते.

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. पण महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात परळ, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांच्या श्वसनविकारांची तुलना ग्रामीण भागाशी करून हवेच्या प्रदूषणाची किंमत माणसांच्या छातीवर मोजली. तेव्हा पर्यावरण हा शब्दही वृत्तपत्रांत विरळा होता. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९१ पासून मतदारयाद्यांच्या आधारे मुंबईतील सुमारे दीड लाख प्रौढांची नोंद केली, पाच-सहा वर्षांनी पुन्हा घरोघर जाऊन कोण हयात आहे हे पाहिले आणि तंबाखूमुळे होणाऱ्या मृत्यूंचे भारतीय पुरावे उभे केले. महागडे यंत्र नव्हते. मतदारयादी होती आणि चिकाटी होती.

त्याहून ठळक उदाहरण पुण्याचे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणापूर्वीपासून स्त्रियांची नोंद घेण्यास आरंभ केला. सुमारे आठशे गर्भारपणे. त्यांतून जन्मलेली मुले सहा, बारा आणि अठरा वर्षांची होईपर्यंत पुनःपुन्हा तपासली गेली. आपली बाळे वजनाने हडकुळी, पण चरबीच्या प्रमाणात स्थूल असतात, हा मधुमेहाच्या जगभरच्या आकलनात भर घालणारा निष्कर्ष या गावांनी दिला. गर्भवतीत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असताना फोलेटचे प्रमाण अधिक असेल, तर मुलाच्या शरीरात इन्शुलिनला होणारा विरोध वाढतो, हेही याच मुलांनी दाखवले. त्यावरून पुढे किशोरवयीनांना जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. म्हणजे नोंदीतून कारण, आणि कारणातून उपाय, हा पूर्ण प्रवास येथे घडला. जे खेड्यांत तीस वर्षांपूर्वी जमले, ते २०११ च्या जनगणनेतच अठरा लाखांवर गेलेल्या ठाणे शहरात का जमू नये?

ठाण्यात अडचणी आहेत, हे मान्य करावे लागेल. पहिली अडचण लोकांच्या स्थलांतराची. गावात मनुष्य सापडतो. शहरात चाळ पाडली जाते, कुटुंब संक्रमण शिबिरात जाते, तेथून बदलापूरला किंवा गावी. पत्ता हरवला की आयुष्याचा धागा तुटतो. दुसरी अडचण नोंदणीची. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशातील २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांची आकडेवारी आहे. तीत मुंबई आहे, पुणे आहे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा आणि बार्शीही आहे, ठाणे नाही. देशातील सर्वाधिक दाट नागरी-औद्योगिक पट्ट्यांपैकी एकात कर्करोग वाढतो आहे की घटतो आहे, हे अशाने ठामपणे सांगता येत नाही.

तिसरी अडचण, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर, बंद पडलेल्या कारखान्यांच्या दप्तरांची. रंगद्रव्यांच्या उद्योगातील काही अमाइन रसायनांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, याची पहिली नोंद जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली केली. संपर्क आणि रोग यांत वीस-वीस वर्षांचे अंतर पडते, हे नंतर स्पष्ट झाले. ठाण्यातील अमुक कारखान्यात असे घडले, असे येथे सुचवायचे नाही. तसा पुरावा नाही. मुद्दा असा की पुरावा आहे की नाही, हे पाहण्याची वाटच बंद झाली आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात कलम ४१-क घालण्यात आले. घातक प्रक्रियांतील कामगारांच्या आरोग्याच्या अद्ययावत नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहता येणे, हे मालकाचे कर्तव्य ठरले. परंतु रोग वीस वर्षांनी यायचा आणि कारखाना दहा वर्षांत बंद व्हायचा, मग त्या नोंदी कोणी सांभाळायच्या? जमीन विकली जाते, यंत्रे भंगारात जातात, जमिनीचा सातबारा पिढ्यान् पिढ्या जपला जातो. त्या जमिनीवर राबलेल्या माणसाच्या छातीचा सातबारा मात्र रद्दीत जातो. त्या अधिनियमाची जागा आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने घेतली आहे. तिच्या अंमलबजावणीत हा प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहू नये.

या विचाराच्या विरोधातील युक्तिवादही तपासले पाहिजेत. पहिला असा की, हवा घाण आहे हे सर्वांनाच दिसते. ती स्वच्छ करायची सोडून देह कसले मोजता? हा आक्षेप रास्त आहे. 'अभ्यास चालू आहे' या सबबीखाली उपाय पुढे ढकलण्याची आपल्या शासनाची कला जुनी आहे. मोजणी ही कृतीची सबब होता कामा नये. परंतु मोजणी नसली की कृतीची दिशाही चुकते. रस्त्यावर पाणी फवारणाऱ्या गाड्या फिरतात, कारण धूळ दिसते. रॉकेलचा स्टोव्ह, कामाच्या जागेवरील द्रावके, घरातील कॉइल दिसत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. शेकडो संपर्क आणि डझनभर रोग एकत्र तपासले की काही संबंध निव्वळ योगायोगानेही दिसतात. शंभर निरर्थक दुवे तपासले तर रूढ कसोटीवर पाच खरे भासतात. युरोपातील 'हेलिक्स' प्रकल्पात सहा देशांतील सुमारे १,३०० माता-बालकांच्या जोड्यांचे सखोल मोजमाप झाले, आणि तेथील संशोधकांनीही निष्कर्ष काढताना याच कारणाने सावधगिरी बाळगली. एक्स्पोझोम हा जादूचा आरसा नव्हे. त्याच्या नावावर खासगी प्रयोगशाळांनी महागड्या 'विषारी घटक' तपासण्या विकायला सुरुवात केली, तर ती ग्राहकाची फसवणूकच ठरेल. एका माणसाच्या एका तपासणीतून आयुष्याचा हिशेब निघत नाही.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. कोण कोठे राहिला, काय खाल्ले, रक्तात काय सापडले, ही माहिती विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडली, तर प्रदूषणाचा बळी दुसऱ्यांदा बळी ठरेल. धोका अधिक म्हणून हप्ता अधिक, किंवा नोकरीच नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संशोधनासाठी सवलत देतो. मात्र त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येणार नाही, अशी अट घालतो. ही अट कागदावर पुरेशी आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची व्यवस्था, आणि ज्यांची माहिती आहे त्यांचे प्रतिनिधी त्या व्यवस्थेत असणे, ही पूर्वअट मानली पाहिजे.

मग करायचे काय? आरंभ प्रयोगशाळेपासून करण्याची गरज नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या रुग्णालयांतील केसपेपरवर दोन ओळी वाढवाव्यात : गेल्या वीस वर्षांत कोठे राहिलात आणि कोणते काम केलेत. याला खर्च शाईचा. ठाणे जिल्ह्यासाठी लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू करावी. मुंबईचा साठ वर्षांचा अनुभव खाडीपलीकडेच उपलब्ध आहे. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रांत कारखान्याने कोणता कच्चा माल वापरायचा आणि काय बाहेर सोडायचे, याचा तपशील असतो. बंद झालेल्या कारखान्यांची ती दप्तरे आणि त्यांच्या कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान पन्नास वर्षे शासनाने स्वतःकडे जतन कराव्यात. कारखान्याच्या जमिनीचा वापर बदलण्यास परवानगी देताना या नोंदी सुपूर्द करणे ही अट घालता येईल. जमीन मोकळी हवी असते तेव्हाच दप्तर मागण्याची ताकद शासनाकडे असते. इमारत उभी राहिल्यावर ती राहत नाही. आणि शेवटी, माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात काही हजार नवजात बालकांची, मातांच्या संमतीने, दीर्घकालीन नोंद सुरू करावी : रक्ताचे वाळवलेले थेंब, पत्त्यांचा इतिहास, आणि सात वर्षांनी पडलेला एक दात.

यातील कोणत्याही गोष्टीचे श्रेय आजच्या नगरसेवकाला किंवा मंत्र्याला मिळणार नाही. उद्घाटनाची फीत कापता येईल असे त्यात काही नाही. फळ वीस-तीस वर्षांनी येणार. कदाचित याच कारणाने हे काम आजवर झाले नाही. परंतु १९९३ साली त्या सहा गावांत कोणी तरी पहिली वही उघडली, म्हणूनच आज आपल्याला काही उत्तरे सापडली आहेत. ठाण्यात ती वही उघडलेली नाही. ज्यांचे बालपण गोल्डन डाइजच्या नाक्यावर गेले, त्यांच्यासाठी आता उशीर झाला आहे. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे बंद कारखान्यांसोबत गेली. या वर्षी त्याच नाक्याच्या आसपास जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र अद्याप उशीर झालेला नाही. त्यांनी पन्नाशीत डॉक्टरांसमोर बसावे तेव्हा कागदावरील ती जागा पुन्हा कोरी राहू नये, एवढी जबाबदारी दोन महापालिका आणि एक राज्य शासन यांना पेलता यावी.